भंडारदऱ्याच्या पाण्यात रतनगड: पहाटेचे प्रतिबिंब कसे टिपावे

पहाटे जलाशयाच्या काठावर पहिल्यांदाच आलेला छायाचित्रकार जवळजवळ हमखास पूर्वेकडे तोंड करून ट्रायपॉड लावतो, कारण तांबडे तिकडे फुटत असते. प्रतिबिंबाचे छायाचित्र मात्र बहुतेक वेळा त्याच्या पाठीमागे असते. काठावर उभ्या असलेल्या माणसाला सूर्य दिसण्याआधीच समोरच्या डोंगराच्या माथ्याला ऊन लागलेले असते, पाणी अजून सावलीत असते आणि वारा पडलेला असतो. या तीन गोष्टी जुळून येण्याचा अवधी सह्याद्रीत जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा असतो. त्या मिनिटांत गडबड होऊ नये म्हणून आधी काय काय करून ठेवावे, ते इथे क्रमाने सांगितले आहे.

उदाहरणासाठी भंडारदरा घेतला आहे, कारण मुंबई, पुणे किंवा नाशिकहून एका मुक्कामात जाऊन येता येते आणि चुकले तर पुन्हा जाता येते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर १९१० ते १९२६ या काळात विल्सन धरण बांधले गेले. त्यामागे साठलेल्या पाण्याला आर्थर लेक म्हणतात. भोवती कळसूबाई (१,६४६ मीटर), अलंग-मदन-कुलंग हे त्रिकूट आणि पाण्याच्या नैऋत्येला खुट्टा नावाच्या सुळक्यासह रतनगड अशी रांग आहे. काटेकोर बोलायचे तर हे सरोवर नव्हे, धरणाचा फुगवटा आहे. प्रतिबिंबाला त्याने फरक पडत नाही, पण छायाचित्रकाराला पडतो, कारण पाण्याची पातळी वर्षभर उतरत जाते आणि ऑक्टोबरमध्ये ज्या दगडावर बसून छायाचित्र घेतले, तो फेब्रुवारीत पाण्यापासून बराच दूर कोरड्या उतारावर सापडतो. म्हणून कोणाच्या जुन्या छायाचित्रावरून जागा ठरवून जाऊ नये.

महिना आणि दिवस

पावसाळा संपल्यानंतरचा ऑक्टोबर हा नवख्यासाठी सर्वांत सोपा महिना आहे. धरण भरलेले असते, हवेतली धूळ धुऊन गेलेली असते आणि डोंगर अजून हिरवे असतात. डिसेंबर-जानेवारीत थंडी पडली की पाण्यावरून वाफ उठते, कारण पाणी हवेपेक्षा उबदार असते. ही वाफ सुंदर दिसते, पण दाट झाली की प्रतिबिंब गिळून टाकते. मार्चपासून काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो, तेव्हा नवख्याने या वाटेला न गेलेले बरे.

सूर्योदय ऑक्टोबरच्या मध्यात साधारण साडेसहाला आणि जानेवारीत सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास होतो. डिसेंबरअखेर सूर्य नेमका पूर्वेला न उगवता सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकून, म्हणजे आग्नेयेच्या अंगाने उगवतो. त्यामुळे नैऋत्येकडे पाहणाऱ्या छायाचित्रकाराच्या डाव्या खांद्यामागून उजेड येतो, आणि असा तिरपा उजेड कड्यांच्या घड्या आणि घळी उठावदार करतो. पौर्णिमेच्या आसपासचा दिवस साधला, तर पहाटे मावळतीचा चंद्रही पश्चिमेच्या अंगाला मिळण्याची शक्यता असते. आकाश कोरे निळे असण्यापेक्षा वर थोडे विरळ ढग असलेले चांगले, कारण ढगांचे रंगही पाण्यात उतरतात. हवामान पाहताना मात्र ढगांपेक्षा वाऱ्याच्या आकड्याकडे अधिक लक्ष द्यावे. रात्रभर वारा वाहणार असेल तर मुक्काम पुढे ढकलणे उत्तम.

आदल्या संध्याकाळी

पहाटेच्या अंधारात जागा शोधता येत नाही, म्हणून आदल्या दिवशी उजेड असतानाच पोहोचावे. मुंबईहून कसारा, इगतपुरी, घोटी आणि बारीमार्गे शेंडी गाठता येते. शेंडी हे धरणाजवळचे गाव. तिथून एक रस्ता पाण्याच्या उत्तर काठाने मुरशेत, उडदावणे करत घाटघरकडे जातो आणि दुसरा दक्षिण काठाने रतनवाडीकडे. रतनगड पाण्यात पाहायचा असेल तर उत्तरेच्या काठावर, गावापासून जरा लांब अशी जागा शोधावी. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून शुल्क भरावे लागते, आणि ड्रोन घरीच ठेवावा.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, डोंगराचा माथा आणि तुमचा काठ यांच्यामध्ये उंच झाडी किंवा विजेचे खांब येऊ नयेत. दुसरी, जवळपास ओढ्याचे तोंड किंवा दरीची खिंड नसावी. रात्री डोंगरउतारावरची थंड हवा जड होऊन अशाच वाटांनी खाली सरकते आणि एरवी सगळीकडे शांत असलेले पाणी नेमके तिथे थरथरत राहते. तिसरी गोष्ट म्हणजे जमिनीच्या सोंडेमागे दडलेला, तीन बाजूंनी बंद असा पाण्याचा कोपरा शोधावा.

कोपरा लहान असला तरी चालतो, आणि किती लहान चालतो याचा हिशेब नवख्याला चकित करणारा आहे. रतनगडाचा माथा पाण्याच्या पातळीपासून ढोबळ मानाने साडेपाचशे मीटर उंच आहे. तो पाच किलोमीटरवरून पाहिला तर क्षितिजापासून सुमारे सहा अंश वर दिसतो, म्हणून त्याचे प्रतिबिंब क्षितिजाच्या तितकेच खाली पडते. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, म्हणजे दीड मीटरवरून, सहा अंश खाली पाहणारी नजर जवळपास चौदा मीटर अंतरावर पाण्याला भिडते. कॅमेरा पाण्यापासून वीस सेंटिमीटरवर आणला तर तीच नजर दोन मीटरच्या आतच पाण्याला भिडते. म्हणजेच संपूर्ण जलाशय शहारलेला असला, तरी समोरच्या दगडांच्या आडोशाला चार पावलांचे शांत पाणी असेल, तर निदान माथा आणि वरचे कडे त्यात उतरतात. डोंगराचा पायथा दूरच्या पाण्यातून परावर्तित होतो आणि तो थोडा विस्कटला तरी बिघडत नाही.

पिशवीत काय असावे

पाय पूर्ण फाकवून जमिनीलगत बसणारा ट्रायपॉड ही एकच वस्तू विकत घेण्यासारखी आहे. मधला दांडा उंच करता येतो का, यापेक्षा तो काढून ठेवता येतो का, हे दुकानात विचारावे. लेन्स साधी चालते. १८-५५ मिलिमीटरमध्ये काम भागते आणि दूरच्या सुळक्याचा तेवढाच तुकडा घ्यायचा असेल तर ७०-२०० उपयोगी पडते. डोक्याला लावायची विजेरी, शक्यतो तांबड्या उजेडाची, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. गुडघ्याखाली घालायला जुनी चटई. आणि चष्म्याचे नव्हे, तर लेन्स पुसायचे चांगले मोठे दोन रुमाल.

रुमाल दोन का, ते मी एका पूर्ण पहाटेची किंमत देऊन शिकलो आहे. ऑक्टोबरमध्ये कॅमेरा लावून मी वीस मिनिटे शांतपणे माथ्यावर ऊन यायची वाट पाहत बसलो. ऊन आले, चाळीस छायाचित्रे घेतली, आणि घरी आल्यावर कळले की सगळ्यांवर दुधी पडदा आहे. उघड्या आकाशाखाली काच हवेपेक्षाही थंड होते आणि तिच्यावर गवताइतकेच दव पडते. तेव्हापासून वाट पाहताना लेन्सला झाकण लावून ठेवतो आणि दर पाच मिनिटांनी विजेरीच्या तिरप्या उजेडात काच तपासतो.

पोलरायझर फिल्टर बरोबर असला तरी तो पिशवीतच राहू द्यावा. पाण्यावरची चमक काढणे हेच त्याचे काम आहे, आणि आपण त्या चमकेसाठीच आलो आहोत. पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांच्या कोनात तर तो प्रतिबिंब पूर्ण पुसून टाकू शकतो.

कॅमेरा खाली न्या

सूर्योदयाच्या किमान पाऊण तास आधी जागेवर असावे. पोहोचल्याबरोबर पाण्यात पाय घालू नये, कारण तळाचा गाळ ढवळला की तो बसायला वेळ लागतो. ट्रायपॉड काठावरच, पाय दाबून घट्ट रोवावा.

आता उंची. नवख्यांच्या छायाचित्रांत प्रतिबिंब तुटके का येते, याचे कारण बहुधा इथेच असते. पाण्यातले दृश्य हे वरच्या दृश्याची हुबेहूब उलटी प्रत नसते. कॅमेरा पाण्याच्या वर जितका आहे, तितकाच पाण्याखाली असता तर त्याला जे दिसले असते, ते आपल्याला पाण्यात दिसते. त्यामुळे जवळच्या वस्तू प्रतिबिंबात अधिक उंच होऊन डोंगर झाकतात. समजा, पंधरा मीटरवर पाण्यातून साठ सेंटिमीटर वर आलेला दगड आहे. उभ्याने पाहिल्यास तो डोंगराच्या कुठेच आड येत नाही. पण त्याचे प्रतिबिंब क्षितिजाच्या आठ अंश खाली पोहोचते आणि सहा अंशांवरचा रतनगडाचा माथा त्यामागे नाहीसा होतो. कॅमेरा वीस सेंटिमीटरवर आणला की त्याच दगडाचे प्रतिबिंब तीन अंशांत आटोपते आणि माथा मोकळा होतो. हे वाचून पटणार नाही, म्हणून तिथे गेल्यावर एकदा उभे राहून, एकदा उकिडवे बसून आणि एकदा चटईवर आडवे होऊन त्याच दगडाकडे पाहावे.

प्रत्येक वेळी अगदी खालीच जावे असे मात्र नाही. पाणी एकसंध शांत असेल आणि जवळ अडथळा नसेल, तर कमरेएवढ्या उंचीवरून काठाचे वळण चांगले दिसते. आधी अगदी खालून सुरुवात करावी आणि मग गरज वाटली तर वर यावे.

चौकट सरळ करताना पलीकडच्या काठावर विसंबू नये, कारण काठ वळत दूर जात असेल तर तो तिरका दिसणारच. गवंडी ओळंबा लावतो तसा मनातल्या मनात माथ्यापासून ओळंबा सोडावा. माथा आणि पाण्यातला माथा एका उभ्या रेषेत आले पाहिजेत. ही कसोटी कॅमेऱ्यातल्या लेव्हलच्या रेघेपेक्षाही भरवशाची आहे. क्षितिज मध्यावर ठेवू नये, हा नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो. प्रतिबिंबात तो बेलाशक मोडावा, पण माथा आणि त्याचे प्रतिबिंब दोन्हींना वर-खाली श्वास घ्यायला जागा ठेवावी. वर भरपूर आकाश आणि खाली पाण्यातले शिखर कापलेले, ही चूक फार दिसते.

फोकसबाबत एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर नसते. फोकसच्या दृष्टीने ते डोंगराइतकेच दूर असते. पाण्यावर फोकस केला तर तरंगणारे पान स्पष्ट येईल आणि गड धूसर. समोर दगड किंवा गवत नसेल तर सरळ दूरच्या कड्यावर फोकस करून तो मॅन्युअलवर पक्का करावा. समोरचे दगडही स्पष्ट हवे असतील, तर फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २० मिलिमीटर आणि एफ/११ (लेन्सचे छिद्र; आकडा मोठा तितके छिद्र लहान) ठेवून दीड ते दोन मीटरवर फोकस केल्यास जवळपास मीटरभरापासून डोंगरापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते.

उजाडताना

सूर्य क्षितिजाच्या सहा अंश खाली आल्यापासून उगवेपर्यंतचा संधिप्रकाश आपल्या अक्षांशावर २२ ते २४ मिनिटांचा असतो. या काळात पश्चिमेकडे पाहावे. डोंगरांच्या वर आधी करडा-निळा पट्टा दिसतो आणि त्याच्यावर फिकट गुलाबी. करडा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची सावली आहे. सूर्य वर येईल तसतशी ती खाली उतरते आणि गुलाबी रंग माथ्याला टेकतो. पूर्वेकडे तोंड करून बसलेल्यांना हे कधीच दिसत नाही. या वेळी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/८ वर १० ते ३० सेकंदांचे एक्स्पोझर (सेन्सरवर प्रकाश पडू देणे) लागते. पहिली दोन-तीन छायाचित्रे इथेच घ्यावीत, म्हणजे चौकट तपासून होते.

मग मधली काही मिनिटे रंग उतरल्यासारखे वाटतात. आता काही होत नाही, असे समजून पुष्कळ जण चहाच्या शोधात निघतात. थांबावे. सूर्य पूर्वेच्या टेकड्यांमागे असतानाच खुट्ट्याच्या टोकाला तांबूस ठिपका लागतो आणि कड्यावरून खाली सरकू लागतो. सावलीतल्या गडद पाण्यात हा उजळ माथा जितका ठसठशीत उतरतो, तितका नंतर कधीच उतरत नाही, कारण पाण्यावर ऊन आले की तळ, गाळ आणि पृष्ठभागावरचा कचरा दिसू लागतो. यासाठी मिनिटामिनिटाला एक छायाचित्र घेत राहावे. शटर १/१५ पासून १/६० सेकंदापर्यंत जाईल.

एक्स्पोझर उजळलेल्या माथ्यानुसार ठरवावे. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा आलेख) उजवीकडच्या भिंतीला चिकटू देऊ नये. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ‘डेलाइट’वर ठेवावा, नाहीतर कॅमेरा पहाटेची निळाई आपल्या मनाने ‘दुरुस्त’ करतो. सहा अंशांच्या तिरप्या कोनात पाणी आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा साधारण निम्मा भाग परत देते, म्हणजे प्रतिबिंब मूळ डोंगरापेक्षा सुमारे एक स्टॉप काळोखे असते (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). म्हणून ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर (वरचा भाग गडद, खालचा पारदर्शक अशी काच) लावायचाच असेल तर एक स्टॉपचा, मऊ कडेचा लावावा. तीन स्टॉपचा लावून डोंगरापेक्षा प्रतिबिंब उजळ झालेली छायाचित्रे पाहिली की काहीतरी खोटे आहे, हे न कळणाऱ्यालाही जाणवते.

वाऱ्याशी जमवून घेणे

रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन बसते आणि वरचा वारा तिला हलवू शकत नाही. पहाटेच्या शांततेचे कारण हेच. ऊन डोंगरउतारावर पडले की तिथली हवा तापून वर चढते आणि तिची जागा घ्यायला पाण्यावरची हवा सरकू लागते. जाळे टाकायला आलेल्या एका मच्छीमार मामांनी मला हेच कमी शब्दांत सांगितले होते, “ऊन डोंगर उतरलं का वारं सुटतंय. काय ते आधी उरका.” त्यांच्या होडीने उठवलेल्या लाटा निवायला दहा-बारा मिनिटे लागली आणि त्यात माझे ऊन निघून गेले, पण पाणी त्यांच्या पोटाचे आहे, तेव्हा तक्रारीला जागा नाही. ते कोणत्या बाजूने निघतात, हे आदल्या संध्याकाळी विचारून घ्यावे.

हलक्या झुळकीने पाणी मोडले की लांब एक्स्पोझर लावून ते ‘गुळगुळीत’ करण्याचा सल्ला मिळतो. माझे मत त्याच्या विरोधात आहे. लांब एक्स्पोझरने लाटा पुसल्या जातात हे खरे, पण मोडलेले प्रतिबिंब त्याने सांधत नाही. ते उभे ओघळते आणि गडाच्या जागी रंगाचे खांब उरतात. त्याऐवजी आयएसओ ४०० किंवा ८०० पर्यंत वाढवून शटर छोटे करावे आणि झुळकींच्या मधल्या खंडाची वाट पाहावी. झुळूक येताना दिसते. दूरच्या पाण्यावर एक काळपट, खरबरीत पट्टा सरकत येतो. तो पोहोचायच्या आत काय ते टिपून घ्यावे.

फक्त मोबाइल असेल तर

मोबाइल इथे एका बाबतीत वरचढ ठरतो, कारण तो पाण्याच्या अगदी जवळ नेता येतो. उलटा धरला की त्याची लेन्स पाण्यापासून चार बोटांवर येते. दोरी मनगटात अडकवावी. उजळलेल्या माथ्यावर बोट दाबून ठेवले की फोकस आणि एक्स्पोझर दोन्ही बांधले जातात. मग बोट खाली ओढून थोडा काळोख करावा. तीन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बटण दाबण्याचा हिसका लागत नाही. अंधारात नाइट मोड चालतो, पण ऊन आल्यावर तो बंद करावा.

हिमालयात गेल्यावर

भंडारदऱ्याला हात बसला की उत्तराखंडातल्या देवरियातालला जावे. सारी गावातून चढून २,४०० मीटरहून अधिक उंचीवरच्या या छोट्या तळ्यापाशी पोहोचता येते आणि त्यात ७,१३८ मीटर उंच चौखंबा उतरते. शिखर जवळपास ३० किलोमीटरवर आणि तळ्याच्या उत्तर-ईशान्येला आहे, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊन त्याला उजव्या बाजूने लागते. ते क्षितिजापासून सुमारे नऊ अंश वर दिसते. कोन वाढला की पाणी कमी प्रकाश परत देते, म्हणून तिथे प्रतिबिंब सव्वा ते दीड स्टॉप काळोखे मिळते. बर्फावर ऊन फार लवकर आणि फार प्रखर येते. बर्फातले बारकावे जपायचे तर माथ्यापुरते एक्स्पोझर आणखी कमी करावे, नाहीतर चौकटीत पांढरे भोक पडते. बॅटरी थंडीत लवकर उतरतात. एक अंगातल्या खिशात ठेवून त्या आलटून पालटून वापराव्यात.

परतल्यावर

संगणकावर काम करताना एकच पथ्य पाळावे. पाण्यातला डोंगर वरच्या डोंगरापेक्षा उजळ किंवा अधिक रंगीत होता कामा नये. वरचा अर्धा भाग उलटवून खाली चिकटवण्याचा मोह तर मुळीच धरू नये. प्रतिबिंबात दगडांच्या आणि फांद्यांच्या खालच्या बाजू दिसतात, ज्या वर दिसत नाहीत, आणि जाणकार ही लबाडी तिथेच पकडतो.

छायाचित्रे उतरवून घेण्याआधी मात्र ट्रायपॉड पाहावा. पायांच्या कुलपांत शिरलेला गाळ वाळला की दगडासारखा बसतो. त्याच दिवशी पाय पूर्ण उघडून, साध्या पाण्याने धुऊन, तसेच लांब उभे ठेवून सावलीत वाळवावेत.